'टिलीमिली' टीव्हीवरच का आली? घरातल्या पोरांची शाळा आणि तिच्यामागचं तंत्रज्ञान

घरात मुलं तीन. एक सातवीत, एक चौथीत, एक पहिलीत. स्मार्टफोन एकच, आणि तो सकाळी सातला काकांच्या खिशात बसून वावरात निघून जातो. आता सांगा, ऑनलाइन शाळा कुणाची होणार?

२०२० च्या पावसाळ्यात वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न होता, आमच्याही घरात होता. जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊ लागल्या, लिंक येऊ लागल्या, आणि त्या रात्री आठला फोन घरी आल्यावर उघडल्या जाऊ लागल्या. तोवर पहिलीतलं पोर झोपलेलं असायचं.

त्याच काळात, २० जुलै २०२० ला, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली. बनवली होती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने. एमकेसीएल म्हणजे तेच, ज्यांचा एमएस-सीआयटी कोर्स तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी केला असेल. तुमच्यापैकी काही जणांनी ही मालिका पाहिलीही असेल, कारण तेव्हा जे सहावी-सातवीत होते, ते आता कॉलेजात आहेत आणि हा लेख स्वतःच्या फोनवर वाचताहेत.

मंडळी, आज या मालिकेबद्दल लिहायचं कारण असं की तिच्यात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, ती शाळेची नव्हती, घराची होती. दोन, ती सगळ्यात जुन्या पडद्यावर आली, जेव्हा सगळे नव्या पडद्याच्या मागे धावत होते. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध आहे. तो नीट समजला, तर घरातल्या लहान भावंडाच्या हातात फोन देताना तुम्ही थोडं वेगळं वागाल.

मालिकेत फळा का नव्हता?

शैक्षणिक कार्यक्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फळा, खडू, आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलणारे सर. लॉकडाऊनमध्ये देशभर असेच व्हिडिओ धडाधड निघाले. वर्ग बंद म्हणून वर्गाचंच शूटिंग करून पाठवून दिलं.

टिलीमिलीने तसं केलं नाही. तिच्यात मुलं घरी आहेत, आई-बाबा, आजी-आजोबा, ताई-दादा आजूबाजूला आहेत, आणि पुस्तकातली गोष्ट घरात, अंगणात, परिसरात करून बघत शिकली जाते. म्हणजे एका छताखाली राहणारी माणसंच एकमेकांची शिक्षक. पंचवीस मिनिटांचा एक भाग, प्रत्येक इयत्तेचे साठ भाग, आठ इयत्ता मिळून ४८० भाग. रविवार सोडून रोज. २० जुलैपासून मोजलं तर साठ दिवस २६ सप्टेंबरला पूर्ण होतात, म्हणजे आमच्याकडे सोयाबीनच्या डवरणीपासून ते शेंगा पिवळ्या पडेपर्यंत.

मला यातली हुशारी नंतर कळली. टीव्हीतले सर घरातल्या माणसांना गप्प बसवतात. 'शूऽऽ, सर शिकवताहेत.' पण टीव्हीत एखादी आजी नातीला काही विचारत असेल, तर खाटेवरची खरी आजीही तोंड उघडते. आमच्याकडे हे रोज व्हायचं. आमची आजी शाळेत गेलेली नाही, पण चौथीच्या पोरीला मापं शिकायची वेळ आली तेव्हा तिने सरळ पायली काढली. मग लिटरची पाण्याची बाटली आणि पायली घेऊन अंगणात एक तास गोंधळ चालला. पहिलीतला पोट्टा ओला झाला. काकू ओरडली. पण 'धारकता' हा शब्द त्या पोरीला आजही समजावून सांगता येतो. फळ्यावर सरांनी लिहिला असता तर सांगता आला असता का, शंका आहे.

आधी हे कुणी करून बघितलंय का?

घर, गल्ली, शेजार यांतून शिकवायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ ला 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाली. जोन गँझ कूनी या बाईंची ती कल्पना. तिचाच आपला भारतीय अवतार म्हणजे 'गल्ली गल्ली सिम सिम', २००६ मध्ये आलेला, चमकी आणि बूम्बावाला. मूळ मालिकेत बर्ट आणि अर्नी नावाचे दोन बाहुले एकाच खोलीत राहतात. एक नीटनेटका आणि चिडका, दुसरा मस्तीखोर. दोघांची जी रोजची खटपट चालते, त्यातून मुलं शिकतात. एकत्र राहणाऱ्यांची भांडणं हा शिकवायचा फार उत्तम मसाला आहे, हे ज्यांना दोन भावंडं आहेत त्यांना सांगायला नको.

पण टेक्नॉलॉजीच्या वाचकांसाठी खरी मजेदार गोष्ट पडद्यामागे आहे. एडवर्ड पामर नावाचे संशोधक मालिका सुरू होण्याआधीच तिची चाचणी घ्यायचे. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि बाजूला दुसऱ्या पडद्यावर स्लाइड दाखवायच्या. दर साडेसात सेकंदांनी नवं चित्र. मुलाची नजर टीव्हीवरून हलून स्लाइडकडे कधी गेली, याची नोंद ठेवायची. जिथे नजर सुटली, तो तुकडा बदलायचा. याच चाचण्यांत कळलं की रस्त्यावर नुसती मोठी माणसं बोलत असली की पोरं कंटाळतात आणि बाहुले आले की परत बघतात. तोपर्यंत बाहुले आणि खरी माणसं मुद्दाम वेगवेगळी ठेवली होती. मग बाहुल्यांनाच रस्त्यावर आणलं.

ओळखीचं वाटतंय ना? तुम्ही रील किती सेकंद बघितली, कुठे अंगठा सरकवला, हे आज तुमचा फोन मोजतो, तेच हे. मोजमाप तेच, हेतू वेगळा. पामर यांची नोंद कार्यक्रम बनवणाऱ्यांकडे जायची, म्हणजे मुलाला ते समजावं. आजची नोंद तुमच्यापुढे पुढचा व्हिडिओ कोणता टाकायचा, हे ठरवणाऱ्या प्रोग्रामकडे जाते. मालिका तासाभराने संपायची. फीड संपत नाही.

आता मुद्द्यावर येऊ: टीव्हीच का?

इथे थोडं तंत्रज्ञान समजून घेऊया, अवघड नाहीये.

फोनवर व्हिडिओ बघता तेव्हा सर्व्हर तुमच्यासाठी वेगळी प्रत पाठवतो. शेजारच्याने तोच व्हिडिओ लावला तर त्याला पुन्हा वेगळी. गावात शंभर जणांनी लावला की एका टॉवरवरून शंभर प्रती वाहतात. मग टॉवर दमतो आणि ते गोल चक्र फिरायला लागतं. नळाला एकच पाइप, आणि सगळ्या गल्लीने एकदम तोटी सोडली, तसं.

उपग्रहावरून येणारा टीव्ही उलटा चालतो. आकाशात सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह आहे. डीडी फ्री डिशसाठी तो जीसॅट-१५ आहे. जमिनीवरून एक सिग्नल वर जातो, उपग्रह तो खाली सगळ्या देशावर पसरवतो. वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो, बस. एका घराने छत्री लावली काय आणि एक कोटी घरांनी लावली काय, उपग्रहाला फरक शून्य. पावसाची सर जशी कुणाचं छप्पर मोजत नाही, तसा. टॉवर नको, डेटा नको, रिचार्ज नको. फ्री डिशला महिन्याचं भाडं नसतं. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच.

आता हिशोब करा. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ साध्या क्वालिटीत, सेकंदाला एक मेगाबिट धरला, तर १,५०० मेगाबिट होतात. आठने भागा, म्हणजे जवळपास १८८ एमबी. तीन मुलांचे तीन भाग म्हणजे साडेपाचशे एमबीच्या वर. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा शाळेलाच गेला. आणि तोही फोन घरी असला तर!

फोन घरी नसणं हीच खरी गोष्ट होती. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२० च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. दोन वर्षांत प्रचंड उडी. पण 'घरी फोन आहे' आणि 'पोराच्या हाती सकाळी दहाला फोन आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच मोजणं सोपं असतं.

टीव्ही मात्र वावरात जात नाही. तो भिंतीला असतो.

वेळापत्रकातली युक्ती

मला टिलीमिलीतलं सगळ्यात हुशार तंत्रज्ञान कुठलं वाटतं सांगू? वेळापत्रक. सकाळी साडेसातच्या सुमारास मोठ्या इयत्तांपासून सुरुवात व्हायची आणि दुपारपर्यंत उतरत-उतरत पहिलीपर्यंत यायची. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली आणि वेगळी. म्हणजे एका टीव्हीवर तीन मुलांच्या तीन शाळा, एकमेकांना धक्का न लागता.

आणि याचा एक परिणाम आम्ही घरात डोळ्यांनी बघितला. सातवीचा भाग लागला की चौथी आणि पहिलीही समोर फतकल मारून बसायची. कारण टीव्ही चालू आहे आणि बाहेर पाऊस आहे, दुसरं करणार काय. समजायचं अर्धंच. दुपारी पहिलीचा भाग लागला की सातवीतला दादा मागून शहाणपणा करायचा, "अरे, थे तसं नाही, असं मोज." ग्रामीण भागातल्या दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसतात, तिथेही हेच होतं. लहान मुलं मोठ्यांचं ऐकून शिकतात, मोठी मुलं लहानांना सांगताना पक्की होतात. मोबाइलवर प्रत्येकाला आपापला व्हिडिओ, कानात आपापली वायर. तिथे हे होतच नाही. मोबाइलचा पडदा मुळातच एका माणसाच्या मापाचा बनवलेला आहे.

टीव्हीत सगळंच गोड होतं, असं मात्र नाही. लाइट गेली की भाग गेला. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे लाइट कशी असते, हे रिसोड-मालेगावकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. जोरदार पाऊस आला की छत्रीचा सिग्नलही तुटतो, कारण त्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. मागे नेऊन परत बघता येत नाही. पोराने प्रश्न विचारला तर टीव्ही उत्तर देत नाही, पुढेच जातो. आणि ज्या घरात टीव्हीच नव्हता, वस्तीवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत, तिथे उपग्रहाचा पाऊस पडला तरी भांडंच नव्हतं. मालिका कितीही चांगली असो, बंद शाळेची भरपाई ती करू शकत नव्हती, आणि केली असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही.

एक राग आहे, तो इथेच सांगते

पुण्यात 'बालचित्रवाणी' नावाची संस्था होती. १९८४ मध्ये सुरू झालेली, सरकारी, खास मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी. तुमच्या आई-बाबांना विचारा, दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम त्यांना आठवतील. स्टुडिओ होता, बनवणारी माणसं होती, वर्षानुवर्षांचा साठा होता. २०१७ मध्ये ती बंद झाली. टीव्हीचा जमाना गेला, आता सगळं ऑनलाइन, अशीच तेव्हाची हवा होती. तीन वर्षांनी कोरोना आला आणि लाखो मुलांपर्यंत पोचायला पुन्हा टीव्हीच लागला! जुनं तंत्रज्ञान मोडीत काढायची घाई आपल्याला फार असते.

याउलट उदाहरण बघा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात नासाचा एटीएस-६ उपग्रह वापरून भारताने 'साइट' नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता. गावात एक टीव्ही, वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री, आणि सकाळी मुलांसाठी कार्यक्रम. ज्या गावांत रस्ता धड पोचला नव्हता, तिथे उपग्रह पोचला. फ्री डिशची मुळं तिथे आहेत.

आता तुमच्या हातात काय आहे?

तुम्ही म्हणाल, २०२० गेलं, शाळा उघडल्या, आता हे कशाला? कारण तेव्हाच्या पहिलीतल्या पोट्ट्याच्या हातात आता फोन आहे, आणि त्याच्यामागे जन्मलेल्या भावंडाच्या हातात तर दोन वर्षांचं असल्यापासूनच आहे. जेवताना फोन, रडताना फोन. लहान बाळं पडद्यावरून जितकं शिकतात, त्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त शिकतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि शेजारी बसून कुणी बोललं तर पडद्याचाही उपयोग वाढतो. शेजारी बसणारं ते माणूस बहुतेक घरांत तुम्हीच आहात, कारण आई कामात आहे आणि फोनचं तुम्हाला जास्त कळतं.

मालिका बघायची असेल तर यूट्यूबवर 'टिलीमिली' आणि पुढे इयत्ता टाकून शोधा. अभ्यासक्रम बदलत असतो, तेव्हा पुस्तकाशी जुळवून बघा. धडा नाही जुळला तरी करून बघायची पद्धत जुळेल. सह्याद्री वाहिनी थेट फोनवर बघायची तर प्रसार भारतीचं 'वेव्हज' नावाचं ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं. बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी क्यूआर कोड असतात, ते 'दीक्षा' ॲपने स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतो. कितीतरी घरांत तो कोड म्हणजे पानावरचं नक्षीकाम समजून सोडून दिलेला असतो.

लहान मुलासाठी यूट्यूब लावून देणार असाल तर सगळ्यात आधी ऑटोप्ले बंद करा. व्हिडिओवर वरच्या बाजूला छोटं बटण असतं. ते बंद असलं की भाग संपल्यावर पडदा थांबतो, आणि तो थांबला की पोर तुमच्याकडे बघतं. तेवढीच संधी असते. 'यूट्यूब किड्स'मध्ये तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सेटिंगही आहे. एकदा दहा मिनिटं खर्च करून ती लावून ठेवली की रोजची कटकट वाचते.

आणि शक्य असेल तर फोनवरून टीव्हीवर घ्या. स्मार्ट टीव्ही असेल तर कास्टचं बटण दाबा, झालं. जुना टीव्ही असेल तर बॉक्सची मागची-पुढची बाजू बघा. बऱ्याच सेट-टॉप बॉक्सला यूएसबीची जागा असते, पेन ड्राइव्हवर एमपी-४ फाइल टाकली की चालते. फक्त एक लक्षात ठेवा, यूट्यूब ॲपमध्ये डाउनलोड केलेला व्हिडिओ ॲपच्या बाहेर काढता येत नाही, तो तिथेच कुलूपबंद असतो. त्यामुळे पेन ड्राइव्हवर तुम्ही स्वतः शूट केलेलं घ्या.

हो, स्वतः शूट केलेलं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या त्याच तिघांनी एक व्हिडिओ बनवला. आजी, पायली आणि लिटरची बाटली, तीन मिनिटांचा. कॅमेरा सातवीतल्याने, म्हणजे आता मोठा झालेल्या दादाने धरला. पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावला, तर शेजारची चार पोरं येऊन बसली. पाणी सांडतं तिथे सगळ्यात जास्त हसली, आणि त्यातल्या एकाने विचारलं, "काकू, तुमच्या घरी कुडव आहे का? आमच्या घरी हाये, थो पण मोजू."